टाकीतले जिवाणू मेले

सांडपाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर म्हणून त्याची बावीस वर्षं गेली होती. तिथल्या झाकलेल्या टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू शहराची घाण खाऊन गॅस सोडत. उन्हाळ्यात तर त्यांना नुसता ऊत यायचा. "माझी जनावरं," तो कौतुकाने म्हणायचा.

त्या सकाळी गॅसच्या मीटरचा काटा निम्म्यावर आला होता. येणाऱ्या पाण्याला नाकाला झोंबणारा वास होता. कुणीतरी गटारात ॲसिड ओतलं होतं. ॲसिड मारायला त्याने चुन्याची पोतीच्या पोती टाकीत रिकामी केली, चुन्याने हातांची सालटं निघाली, पण दुपारी काटा शून्यावर गेला.

त्याने साहेबांना फोन लावला.

"येणारं पाणी बंद करा," साहेब म्हणाले.

"साहेब, अख्खं शहर पाणी वापरतंय. बंद कसं करू?"

"मग तसंच सोडा नदीत. नवे जिवाणू वाढायला तीन-चार महिने लागतील."

नदीच्या खालच्या अंगाला त्याची धाकटी बहीण राहायची. नदीत पाणी सोडायचा दरवाजा उघडण्याआधी त्याने तिला फोन केला.

"अगं, नदीचं पाणी भरू नकोस. घाण सोडतायत."

"कोण सोडतंय? अडव ना दादा, तूच तर आहेस तिथं!"

"पाणी भरू नकोस एवढंच ऐक," म्हणत त्याने फोन ठेवला आणि सोललेल्या हातांनी दरवाजाचं चाक फिरवायला घेतलं.