दिवाणखाना, सामानासकट

घरी आलेल्या माणसाने पुढे केलेला कागद वाचायचा नाही, हा त्या घराण्याचा जुना खाक्या. वाचला तर पाहुण्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं म्हणे. या खाक्यापायी शेतं गेली, तबेला गेला, पण मालकांची ऐट काही जाईना. सिनेमावाले आले तेव्हाही त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि झोकात सही ठोकली.

"बाबा, निदान एकदा नजर तरी टाका," त्यांची लेक म्हणाली होती. तिला सगळे ताईच म्हणत.

"पाहुणे आहेत ते," एवढंच ते बोलले.

सिनेमा होता बुडत्या सरदारांचा. पंधरा दिवस दिवाणखान्यात खोटे सरदार खऱ्या खुर्च्यांवर बसत होते आणि मालक इस्त्रीचा कोट चढवून त्यांना काटा-चमचा कसा धरायचा ते शिकवत होते. आज शेवटचं दृश्य होतं. जमाव दिवाणखाना पेटवतो. ताईला वाटलं होतं, पुठ्ठ्याच्या भिंती उभारतील. सकाळी पाहते तर दारात पाण्याचा बंब उभा आणि माणसं पडद्यांवर रॉकेल शिंपडताहेत.

आत पियानो होता. आईने तिला त्यावर शिकवलं होतं आणि आता ती आसपासच्या सहा मुलींना शिकवायची. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

दिग्दर्शक तसा भला माणूस. त्याने कागद काढून दाखवला: दिवाणखाना, सामानासकट.

"पियानो तरी बाहेर काढू द्या."

"ताई, काल नायिका त्याच्यावरच वाजवत होती. आज दिसला नाही तर लोक विचारतील, गेला कुठे?"

ती वडिलांकडे धावली. "बाबा, तुम्ही नाही म्हणा. तुमचं ऐकतील."

मालकांनी कोट सारखा केला. नाही कसं म्हणायचं, हे त्यांना जन्मात कुणी शिकवलंच नव्हतं. "सही केलीय गं," ते म्हणाले आणि बागेत मांडलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. ताई शेजारी उभी राहिली. दुसरं करणार काय? पियानोच्या तारा तुटत होत्या, ते बागेपर्यंत ऐकू येत होतं.

अर्ध्या तासाने दिग्दर्शक कपाळाला हात लावून आला. धूर इतका झाला की कॅमेऱ्यात काही उतरलंच नव्हतं.

मालक लगबगीने उठले. पाहुण्याला असं रिकाम्या हाती कसं जाऊ द्यायचं?

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "मागे एक खोली आहे. तिलाही अशाच खिडक्या आहेत."

"बाबा," ताई म्हणाली, "तिथे मी झोपते."

"हो ना," मालक पाहुण्याकडे बघतच म्हणाले, "तासाभरात रिकामी करून देईल ती."