परबांचा हात

"काकू, ते कार्ड तसंच द्या. झालं नसलं तरी चालेल."

मिहिर काउंटरच्या पलीकडे अंग चोरून उभा होता. वयाने तिशी ओलांडलेला, कुठल्याशा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. पण चारकोपच्या 'परब कॉम्प्युटर्स'मध्ये पाऊल टाकलं की तो शाळकरी व्हायचा. आज मात्र त्याला हात कुठे ठेवावेत हेही कळत नव्हतं. दशरथ परबांना जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि दुकान आज सकाळीच उघडलं होतं.

"झालंय ते," त्यांची बायको वनमाला म्हणाली.

"झालं? कधी? काका तर..."

"ते आयसीयूत होते तेव्हा. आत सोडायचे नाहीत दिवसभर. नुसतं बसवेना, म्हणून मी इथे येऊन बसायचे."

"पण केलं कोणी?"

बावीस वर्षांत तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"मी."

मिहिर हसला. मग आपण हसलो हे लक्षात येऊन ओशाळला. वनमालाने ग्राफिक्स कार्ड चाचणीच्या यंत्रात बसवलं आणि एक गेम सुरू केला. बर्फाने झाकलेल्या घाटातून एक मोटार निघाली. दहा मिनिटं ती वळणं घेत राहिली. पडद्यावर एक रेघ उमटली नाही की चित्र अडखळलं नाही.

"झकास चालतंय," मिहिर हळूच म्हणाला. "म्हणजे काकांनी बरंचसं उरकून ठेवलं होतं. तुम्ही फक्त जोडलंत."

"नाही रे. मेमरीची एक चिप गेली होती. ती काढून दुसरी बसवली."

"हो, हो." दुःखातल्या माणसाला दुजोरा द्यावा तसा तो म्हणाला. "काकू, रागावू नका हं. हल्ली मेमरी म्हणा, कार्डं म्हणा, सगळं त्या एआयवाल्यांनी उचललंय. नवीन घ्यायचं तर वाट लागते. एवढं एकच आहे माझ्याकडे. मालाडला केतनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा दाखवून घेतो. खात्री म्हणून. काकांचा हात होता तेव्हा गोष्ट वेगळी होती."

तो गेला. वनमाला काउंटरवर पसरलेल्या आपल्या बोटांकडे बघत राहिली. उजव्या तर्जनीवर सोल्डरच्या चटक्याचे तीन जुने डाग होते. दशरथच्या बोटांवर एकही नव्हता. त्याने आयुष्यात एकदाच सोल्डरिंगची सळई हातात धरली होती, आणि तेव्हा काउंटरचा सनमायका जाळला होता.

वनमालाचे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली आणि घरात कोणीतरी कमावणं भाग झालं, म्हणून तिने आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स केलं आणि अंधेरीला सीप्झमधल्या एका कारखान्यात लागली. आठ वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बोर्डावर मोहरीएवढे भाग बसवले. पुढे तो कारखाना गेला. तिचा नवरा दशरथ तेव्हा बोरिवलीच्या एका दुकानात कॉम्प्युटर विकायचा. विकण्यात त्याचा हातखंडा आणि जोडण्यात तिचा. दोघांनी मिळून चारकोपला गाळा घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ चादरीत गुंडाळून आपला कॉम्प्युटर घेऊन आले होते. वनमालाच्या हातात सळई बघून त्यांनी विचारलं, "बाई करणार?" आणि उत्तराची वाट न बघता चादरीची गाठ पुन्हा मारली.

त्या संध्याकाळी वनमालाच म्हणाली होती, "मधे एक पार्टिशन घालून घ्या. मी आत बसते."

"असा कसा गो?" दशरथ मालवणीत उसळला होता. "काम तुझा आनि नाव माझा?"

"काम तर येऊ दे आधी. नाव काय चाटायचंय?"

रविवारी सुतार आला. सोमवारपासून ती आत आणि तो बाहेर.

दशरथ बाहेर बसून बोलायचा, आणि काय बोलायचा! कुठल्या प्रोसेसरला कुठलं कार्ड शोभतं, कुठला गेम कुठे अडखळतो, कोणती कंपनी पुढच्या वर्षी तोंडावर पडणार. पोरं वडापाव हातात धरून ऐकत उभी राहायची. "बघा रे," तो सांगायचा, "एक दिवस असा येईल, तुमचं यंत्र तुम्हालाच उघडता येणार नाही. मेमरी चिकटवलेली, बॅटरी चिकटवलेली. बिघडलं की फेका." पोरं हसायची. पार्टिशनच्या आत वनमाला ऐकायची आणि चिमट्याने एकेक चिप उचलायची. गेम तिने कधी खेळला नाही. दुरुस्त झालेलं कार्ड तपासायला दहा मिनिटं लावायची, तेवढाच. दोनशे-अडीचशे गेमची सुरुवात तिला पाठ होती. शेवट एकाचाही माहीत नव्हता.

पाच वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या संघटनेने बोरिवलीत दशरथचा सत्कार केला. पश्चिम उपनगरातले सर्वोत्तम चिप-लेव्हल दुरुस्तीतज्ज्ञ म्हणून. वनमाला नवी साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली होती. दशरथने फर्मास भाषण केलं. आईचे आभार मानले, माल पुरवणाऱ्यांचे मानले, गिऱ्हाइकांचे मानले. तिसऱ्या रांगेकडे बघितलं, घोटभर पाणी प्यायला आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तर सन्मानचिन्ह आत, तिच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी ठेवलेलं. तो त्याबद्दल काही बोलला नाही. तीही नाही. दोन दिवस तिने त्याच्या डब्यात लोणचं घातलं नाही, एवढंच.

मिहिर गेल्यावर महिन्याभरात दुकानाचं कपाट रिकामं झालं. एकेक जण यायचा, भिंतीवरच्या फोटोला हात जोडायचा, "काका म्हणजे देवमाणूस" म्हणायचा आणि आपली वस्तू घेऊन जायचा. वाईट कोणीच नव्हतं. एकाने तर तिच्यासाठी फळं आणली होती. त्याच्या लॅपटॉपमधला बिघाड तिने आदल्या दिवशीच शोधून ठेवला होता. सांगू लागली तर तो म्हणाला, "राहू द्या काकू, तुम्ही आराम करा."

मग प्रांजलने व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. प्रांजल तिची एकुलती मुलगी, अंधेरीत जाहिरातीच्या ऑफिसात काम करणारी. आईचे हात, चिमटा, धूर, वितळणारं सोल्डर. आणि खाली ओळ: 'पार्टिशनच्या आत बावीस वर्षं काम करणारी माझी आई.' पहिल्या दिवशी लोकांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं उगवली. 'आम्ही दहा वर्षं जात होतो, काकूंना कधी सळई धरलेली बघितलं नाही.' 'दुकान चालवायचं तर चालवा, पण गेलेल्या माणसाचं नाव कशाला पुसता?' त्या शेवटच्या ओळीला तीनशे लोकांनी पसंतीचा अंगठा दिला होता.

"प्रांजल, तो व्हिडिओ काढून टाक."

"का? खोटं आहे का त्यात काही? बाबांनी सांगायला हवं होतं गं. एकदा तरी."

"मीच नको म्हटलं होतं."

"बावीस वर्षांपूर्वी! त्यानंतर एकदा तरी विचारलं का त्यांनी, अजून नकोच का म्हणून?"

या प्रश्नाचं उत्तर वनमालाने दुकानाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तयार ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाही, तेव्हा ते कधीतरी विसरून गेली. आता आठवायला गेली तर त्यातला एक शब्दही सापडेना.

व्हिडिओ निघाला. गाळाही सुटला. सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून घरी पलंगाखाली गेला. जून संपता संपता ती केतनकडे गेली.

मालाडचं त्याचं सर्व्हिस सेंटर म्हणजे काचेचा महाल. केतन वर्षानुवर्षं अवघड बोर्ड दशरथकडे पाठवायचा. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "तुमच्याकडून आलेले बोर्ड मी करायचे," ती म्हणाली आणि एकेका बोर्डाचा बिघाड सांगत गेली. कुठे पाणी शिरलं होतं, कुठे आधीच्या कारागिराने तांब्याची रेघ उखडून ठेवली होती.

केतन ऐकत राहिला. मग खुर्चीत मागे टेकला.

"मला संशय यायचा," तो म्हणाला. "फोनवर काही विचारलं की परब म्हणायचे, थांबा, आत बघून सांगतो. मी म्हणायचो, आत काय आहे एवढं? तुम्ही होतात."

पहिल्यांदाच कोणीतरी विश्वास ठेवला होता.

"मग मला आत घ्या."

"काकू, खरं सांगू? ते काम मी बंद केलं. एका बोर्डापाठी तीन तास कोण बसणार? आता बोर्ड गेला की बोर्ड बदलायचा. मिळत नसला की स्क्रॅप. कंपन्यांनाही तेच हवंय. आतली पोरं स्क्रू काढतात आणि लावतात, बस्स." तो अवघडला. "काउंटरवर जागा आहे. लोकांशी बोलायचं, फॉर्म भरून घ्यायचा. तुमच्या वयाच्या बाई असल्या की कस्टमर भांडत नाही."

आयुष्यभर बोलणं टाळण्यासाठी आत बसलेली बाई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पाच महिन्यांत ती बोलायला शिकली. नंबर पुकारायला, थांबा म्हणायला, वॉरंटी संपलीय म्हणायला. गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र आलं. त्यावर तिचं नाव ठळक छापलेलं होतं.

एका दुपारी शाळेतून थेट आलेली एक शिक्षिका काउंटरसमोर उभी होती. तिचा लॅपटॉप बंद पडला होता आणि त्यात आठ वर्षांच्या शिकवणीचं सारं होतं. मेमरी, डिस्क, सगळं बोर्डालाच जोडलेलं; बोर्ड गेला म्हणजे सगळं गेलं. सुशांत हा आतला कारागीर. तो उघडा बोर्ड घेऊन बाहेर आला आणि वनमालाच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "डेड आहे. सांगा त्यांना."

वनमालाने बोर्ड तिरका धरला. चार्जिंगच्या सॉकेटजवळ तिळाएवढा एक भाग काळवंडला होता.

"सुशांत, हा एक कपॅसिटर शॉर्ट झालाय रे. नुसता काढलास तरी चालू होईल. वीस मिनिटांचं काम."

"काकू, सिस्टीममध्ये स्क्रॅप टाकलंय मी. आणि आपल्याकडे सोल्डरिंगचं सामान तरी आहे का?"

"मी घरून आणते. सूक्ष्मदर्शक आहे माझा."

"यार काकू, केतनसर ओरडतील. काही झालं तर कोणाच्या नावावर जाणार ते?" तो आत वळला.

शिक्षिकेला त्यांचं हळू आवाजातलं बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे दिसत होते.

"होणार नाही का?"

"नाही," वनमाला म्हणाली.

"दुसरीकडे कुठे? चारकोपला परब म्हणून होते ना कोणीतरी? आमच्या शाळेचे कॉम्प्युटर त्यांनीच केले होते. फार चांगला हात होता म्हणे त्यांचा."

काचेच्या आत सुशांत हातवारे करून कोणाला तरी काही सांगत होता. रांगेत मागे दोघं उभे होते. पलीकडच्या टेबलावर केतन फोनवर बोलता बोलता इकडेच बघत होता.

"होते," वनमाला म्हणाली. "आता नाहीत."

"अरेरे." शिक्षिकेने पर्सचा बंद घट्ट धरला. "मग हा इथेच टाकते. घरी नेऊन तरी काय करू?"

वनमालाने फॉर्म पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मग बोर्ड फक्त कडांना धरून उचलला, त्यावरची धूळ हलकेच फुंकली, चांगले बोर्ड ठेवायच्या रुपेरी पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दोनदा दुमडून त्यावर चिकटपट्टी लावली, आणि खाली वाकून स्क्रॅपच्या पिंपात, बाकीच्यांचा भार येणार नाही अशा बेताने, कडेला उभा ठेवला.

"बावीस नंबर," तिने पुकारलं.