भंडाऱ्याचा हात

माळेवस्तीची शाळा पत्र्याची होती तेव्हाची, चौऱ्याण्णव सालची गोष्ट. लासुर्ण्याच्या रस्त्याला लागून तीन खोल्या, पुढं कडुनिंब, आणि त्याच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तीच घंटा. तिचा आवाज पाटापलीकडच्या उसात ऐकू जायचा.

शाळा चालवणाऱ्या मंडळाची निवडणूक लागली आणि सात जणांत एक बाई घ्यायचीच असं ठरलं. पॅनलचे पुढारी सर्जेराव. त्यांना बोलणारी बाई नको होती. सारजा विधवा, दिराच्या घरात राहणारी, मान वर न करणारी. दीर आबाजी सर्जेरावांच्या उठण्याबसण्यातला. त्यानं स्वतःबरोबर तिचाही अर्ज परस्पर भरला आणि कागद पुढं करून तिचा अंगठा धरून टेकवला. नेहमी तसंच व्हायचं.

मग पॅनलच्या चौघांना बिरोबाच्या देवळात नेलं. मुठीत भंडारा, देवाची हळद, घेऊन प्रत्येकानं म्हणायचं, "पॅनल म्हणंल तितं माझा हात वर." सारजाही म्हणाली. भंडारा उचलून शब्द मोडला तर लेकराबाळांवर येतं म्हणत; मोडलेलं माणूस त्या वस्तीनं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, असेल काही कुंपणाचं, संडासाचं. हात वर करायला काय जातंय?

चौघं निवडून आले, विरोधातले तिघं आले. आणि जूनमध्ये जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले.

त्यांच्यामागं शाळेत सगळ्यांत जुन्या कांबळेबाई, म्हणजे खुर्ची त्यांचीच. अंजली कांबळे मूळच्या वडगाव निंबाळकरच्या, सोळा वर्षं इथं खोली करून राहिलेल्या. सर्जेरावांना मात्र खुर्चीवर आपला भाचा हवा होता. तो याच शाळेत मास्तर, पण नोकरीत बाईंपेक्षा सात वर्षांनी धाकटा.

सारजाची लेक योगिनी बाईंच्याच हाताखाली दहावीला होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती घरात कुणाला ठाऊक नव्हती. साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा बाईंनी सारजाला पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवलं होतं. शेणी थापताना सारजा गोवरीवर बोटानं 'सारजा' काढायची आणि लगेच थाप मारून पुसायची.

नवा मुख्याध्यापक ठरवायच्या सभेच्या आदल्या दिवशी बाई पाणंदीत भेटल्या.

"सारजाबाई, मी काही मागायला आले नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही भंडारा उचललाय, मला कळलंय."

"बाई, मला कुटं तोंड दावायचं ते कळंना."

"योगिनीला गणिताला पाठवत जा," एवढंच म्हणून बाई गेल्या. त्या भांडल्या असत्या तर सारजाला हलकं वाटलं असतं.

सभेचं पुस्तक आधी हजेरीसाठी फिरलं. कारकून समाधाननं सवयीनं शाईचा पॅड उघडला. सारजानं पॅड सरकवला आणि पेन मागितलं.

"वैनी, पेनानं कान कोरायचाय काय?" आबाजी हसला. सगळेच हसले.

तिनं सही केली. वेळ लागला, 'र'ची शेपटी रेघेखाली गेली, पण सही झाली. हसणं थांबलं.

"ब्येस की," सर्जेराव म्हणाले. "आपल्या पॅनलची बाई शिकली."

मग भाच्याचं नाव निघालं. तीन हात वर झाले. आबाजी तिच्याकडं बघत होता. तिचा हात अजून मांडीवरच होता. डोळ्यांपुढं भंडारा आला, एकुलती लेक आली. तिनं हात वर केला. चार विरुद्ध तीन. सर्जेरावांनी चहा सांगितला.

ठराव लिहून झाला. विरोधातले तिघं सही नाकारून उठून गेले. म्हणजे या चौघांच्या सह्या हव्यातच, नाहीतर पुण्याच्या शिक्षण खात्यात मंजुरी मिळत नाही, असं समाधान म्हणाला. तिघांच्या झाल्या. पुस्तक सारजापुढं आलं.

"मी न्हाय करत," ती म्हणाली.

"भंडारा उचललाय तुमी," सर्जेराव हळू आवाजात म्हणाले.

"हाताचा उचललाय. हात वर केला. सहीचं त्यात न्हवतं."

आबाजी उठला. त्यानं नेहमीसारखं तिचं मनगट धरलं, अंगठा पॅडवर दाबला. समाधान कसानुसा होऊन म्हणाला, "आबाजी, उपेग न्हाय. वर हजेरीला सही हाय. खाली अंगठा बघितल्यावर सायब इचारतील की."

आबाजीनं मनगट सोडलं नाही. अंगठा धरून उठवता येत होता, सही कशी धरून करवायची हे त्याला कळेना.

"सही झाल्याबिगर सभा उठायची न्हाय," सर्जेराव म्हणाले. दार लोटलं गेलं.

पत्रा तापला. चहा आला, तिच्यापुढं कप ठेवला नाही.

"वैनी, सांच्याला घरी यायचं हाय न्हवं?" आबाजीनं विचारलं.

तिला जायला दुसरं घर नव्हतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. तिनं निळा अंगठा मुठीत मिटला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरांचा गलका रस्त्यानं लांब गेला. कांबळेबाई कडुनिंबाखाली उभ्या राहून पोरं मोजून घराकडं लावत होत्या, तो आवाज तिला ऐकू येत होता. पेन तिच्यापुढं तसंच पडलं होतं.