वाट पाडणारी

गुड फ्रायडेला दरवर्षीसारखे आम्ही स्कीवरून डोंगरातल्या घराकडे निघालो; यंदा तिघे. पिशवीत ईस्टरची संत्री होती. ताज्या बर्फात वाट पाडायला सवयीने मी पुढे झाले.

"गुद्रुन, मागे ये," बाबा म्हणाले. "अरुस्याक पाडेल वाट."

अरुस्याक ही सीरियातल्या निर्वासितांच्या छावणीतून बाबांनी आणलेली आर्मेनियन पोर. तीही त्यांना बाबाच म्हणायची.

"ती परवा उभी राहिली स्कीवर, बाबा! मी चालायच्या आधी स्की शिकले."

"म्हणूनच तू माझ्या मागे."

अरुस्याक हसली. "आणि मी दरीत नेलं तर?"

"तर गुद्रुन काढेल वर. चल, बडबड पुरे."

मी त्या दोघांच्या पाठी बघत चालले. माझा जन्म झाला तेव्हा बाबा ध्रुवाकडच्या बर्फात होते. त्या प्रवासावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात बर्फगाडी ओढणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं नाव आहे, माझं नाही. बर्फातल्या मोहिमा संपल्या तेव्हा निर्वासित आले. त्यांच्यासाठी ते देशोदेशी हिंडले. त्यावरचं त्यांचं पुस्तक मी दोनदा वाचलं, चांगलं आहे. त्यात अरुस्याकवर एक अख्खं प्रकरण आहे. आणि आता वाटही तिचीच.

संध्याकाळी त्यांनी संत्रं सोलून पहिली फोड तिला दिली. मी भांडी घासायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंतीला टेकून उन्हात बसले होते. मी कॉफी घेऊन गेले, तर ते उठले नाहीत.

त्यांना आत निजवलं. खालच्या गावातून माणसं आणायला हवी होती. रात्री पडलेल्या बर्फाने कालची वाट बुजली होती. अरुस्याक बाजूला सरकली. "तू पुढे हो. तू लेक."

"कशाला? वाट तूच पाडायची ना? मागेच बरी मी."

तिला ते लागलं. "तुला खरंच कळलं नाही? काल निघण्याआधी स्कीला मेण लावताना बाबा म्हणाले, छातीत दुखतंय, वाटेत पडेन कदाचित. मागे गुद्रुनच हवी, तीच उचलेल मला. तू घाबरशील, मला म्हणाले."

"मला का नाही सांगितलं?"

"तू त्यांना घरातून निघूच दिलं नसतंस."

मी स्की काढल्या आणि आत गेले. पलंगाशी बसून त्यांचा थंड हात धरला.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "मला हिचा हेवा वाटायचा. त्या कुत्र्यांचासुद्धा."