निंग्रुमनं मागितलेली लेन्स

रुस्दीला दुसरी लेन्स हवी होती, आणि हवी म्हणजे कशी, तर समोरचं ताट निवून जावं आणि त्याला पत्ताच लागू नये, अशी. कॅमेरा त्याच्याकडे होता. दिएंगच्या पठारावर आलेल्या जाकार्ताच्या एका पाहुण्यानं नवा घेतला तेव्हा जुना त्याला स्वस्तात देऊन टाकला होता. सोबत होती ती कॅमेऱ्याबरोबर सगळ्यांनाच मिळते ती लेन्स. पहाटे पर्यटकांना सिकुनिरच्या टेकडीवर चढवायचं, सूर्य वर आला की ओळीनं उभं करून त्यांचे फोटो काढायचे, हा रुस्दीचा धंदा. पण सूर्य यायच्या आधी, त्या अंधुक उजेडात, माणसांचे चेहरे खरे बघण्यासारखे होतात आणि नेमकी तेव्हाच ती लेन्स हात टेकायची. चेहरे हललेले यायचे, नाहीतर काळेकुट्ट. पर्यटक "छान आहे हं" म्हणायचे आणि लगेच आपल्या फोनवर परत काढून घ्यायचे. ते "छान आहे हं" रुस्दीला दिवसभर टोचत राहायचं.

खाली वोनोसोबोच्या बाजारात गितोचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. रुस्दी दर आठवड्याला तिथं जायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा आणि काही न घेता परत यायचा.

"रुस, नुसतं बघायचा कार्यक्रम किती वर्षं चालणार?" गितो म्हणाला. "नवरी म्हातारी व्हायला लागली."

काउंटरवर दोन लेन्स होत्या. एक लांबलचक, दूरचं जवळ आणणारी. गळ्यात अडकवली की माणूस आपोआप फोटोग्राफर दिसतो, तसली. दुसरी पन्नास मिलिमीटरची, आखूड, प्लास्टिकची, मुठीत मावणारी. रुस्दीचा हात आपसूक लांबडीकडे गेला.

"घे, घे. लोक साहेब म्हणतील तुला," गितो म्हणाला. "पण पहाटे तिच्यातून काय दिसणार? तुझ्या सासूचं मन. ठार काळं. अरे, नवशिक्यानं दुसरी लेन्स घ्यायची तर ही पन्नासची. उजेड पिते नुसती. झूम नाही तिला, पण तुला देवानं पाय दिलेत ना? पुढं हो, मागं हो."

रुस्दीनं ती कॅमेऱ्यावर चढवून गितोच्या तोंडावर रोखली. मागचं सगळं दुकान विरघळून गेलं आणि गितोचा देवीच्या वणांनी भरलेला चेहरा असा काही स्पष्ट उमटला, की रुस्दीला तो पहिल्यांदाच माणूस वाटला. गितोनं लेन्स काढून घेतली आणि टॉर्च मारून आतल्या काचा दाखवल्या.

"बघ, बुरशीचा एक धागा नाही. आपल्या ह्या ओल्या हवेत अशी सापडायला नशीब लागतं."

किंमत ऐकल्यावर मात्र रुस्दीनं खिशातला हात बाहेरच काढला नाही.

गितो हसला. "मग पोरीला मागायला सांग ना. यंदा तिचे केस उतरवायचेत. समिती देतेच काय हवं ते."

गितो थट्टेत बोलला होता. रुस्दी मात्र परतीच्या मिनीबसमध्ये तेवढंच घोळवत बसला.

त्याच्या पोरीच्या, निंग्रुमच्या डोक्यावर जटा होत्या. ती तान्ही असताना तापानं फणफणली आणि ताप उतरला तेव्हा केसांचे दोरखंड झाले होते. दिएंगच्या काही मुलांना त्या येतातच. त्या वाटेल तेव्हा कापून चालत नाहीत. मूल मोठं झालं की जाणता म्हातारा त्याला विचारतो, बाळ, तुला काय हवं? मूल जे मागेल ते त्याच्या हातात पडल्यावरच कात्री चालवायची. मागणं मुलाच्या मनातलं नसेल, तर जटा पुन्हा येतात, आणि येताना ताप घेऊन येतात. मोठ्या उत्सवात एकदम दहाबारा मुलांचे केस उतरतात, तेव्हा मागितलेल्या वस्तू उत्सवाची समिती आणून देते.

निंग्रुमचं मागणं सगळ्या आळीला पाठ होतं. बोलायला लागल्यापासून तिला कोकरू हवं होतं. पांढरं, गुंतलेल्या लोकरीचं. शाळेत पोरं तिला पोछा म्हणायची. शेजाऱ्यांच्या मेंढीची लोकर तिच्या केसांपेक्षा गचाळ होती, पण मेंढीला कुणी पोछा म्हणत नव्हतं. माझे केस गेले की माझ्याऐवजी कोकराच्या अंगावर राहतील, असा तिचा हिशेब होता. सात वर्षांच्या पोरीचा हिशेब, पण चोख.

रुस्दीनं तिला चुलीपाशी मांडीवर घेतलं. बाहेर धुकं दाराला टेकलं होतं.

"कोकरू काय करतं, सांग बघू?"

"खेळतं."

"खातं, हगतं आणि मरतं. लेन्स मरते का? लेन्स आली की बापाकचे फोटो छान येणार. मग पैसे. मग तुला कोकरू."

"नक्की?"

"दोन आणू."

निंग्रुमचे डोळे मोठे झाले. "दोघांची नावं मी ठेवणार?"

"दुसरं कोण ठेवणार?"

मग तो तिच्याकडून पाठ करून घेऊ लागला. पोरगी हुशार होती. दोन दिवसांत घडाघडा म्हणायला लागली. चुकली की बाप कपाळाला आठी घालायचा आणि बरोबर आलं की गालाचा मुका घ्यायचा. मुका मिळावा म्हणून ती मधूनच, कुणी न विचारता, म्हणून दाखवायची.

निंग्रुमच्या आईनं, मुर्यातीनं ते ऐकलं. ती कढईत सोयाबीनचे तेंपे तळत होती.

"मास," ती नवऱ्याला म्हणाली, "ते मागणं तिचं आहे. जन्मात एकदाच विचारतात तिला."

"तुला तरी कुणी एकदा विचारलं होतं का?" रुस्दी म्हणाला. "मेलीस का तू?"

मुर्याती कढईकडे वळली आणि त्या विषयावर पुन्हा बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं. पण सासरी आल्यापासून तिला गप्प बसायचीच सवय लावली होती, आणि ती लावणारा हाच होता.

उत्सवाच्या आधी गावातले जाणते म्हातारे म्बाह कार्सो घरोघर मागणी विचारत फिरायचे. या घरी आले, चटईवर बसले, गरम चहाचा पेला तळहातांत धरला आणि पोरीला समोर बसवलं.

"बाळ, तुला काय हवं?"

"लेन्स," निंग्रुम म्हणाली. "पन्नासची. जुनी चालेल. आत बुरशी नको."

म्हाताऱ्यांनी पेला खाली ठेवला. त्यांनी पोरीकडे बघितलं नाही, रुस्दीकडे बघितलं. रुस्दी चटईची काडी उपसत बसला.

"हे कुणाला हवंय?"

"मला," निंग्रुम म्हणाली आणि शाबासकीसाठी बापाकडे वळली.

मुलाच्या तोंडून आलं त्यावर वाद घालायचा नाही, असा रिवाज आहे. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. पण घरात भजी तळलेली असून एकही न खाता ते उठले, आणि ते मुर्यातीच्या लक्षात आलं.

उत्सवाच्या दिवशी जुन्या देवळांपुढच्या गवतावर माणूस मावत नव्हतं. पांढरे कपडे घातलेली मुलं दोर लावलेल्या जागेत ओळीनं बसली होती आणि कर्ण्यावरून एकेकाचं मागणं वाचून दाखवत होते. सायकल. दोन बदकं. शेजारच्या खेड्यातल्या एका मुलाचं कोकरू, पांढरं. मग, "निंग्रुम. कॅमेऱ्याची लेन्स, पन्नासची." गर्दीत हशा पिकला. गितो दोरापलीकडून ओरडला, "गिऱ्हाईक बारीक आहे, पण पारख चांगली." लोक आणखी हसले. निंग्रुमही हसली. सगळे हसतात म्हणजे आपण बरोबर बोललो, असं तिला वाटलं.

तबकातली लेन्स तिनं दोन्ही हातांनी बापाला दिली. रुस्दीनं ती तिथल्या तिथं कॅमेऱ्यावर चढवली. झूम नव्हतीच, म्हणून तो दोराखालून आत शिरला आणि पोरीच्या पुढ्यात गुडघे टेकले. कात्री पहिल्या जटेवर आली. रुस्दीनं कळ दाबली.

इतका चांगला फोटो त्याच्या हातून कधी आला नव्हता. मागची गर्दी, देवळं, सगळं दुधासारखं पसरलं होतं आणि मधोमध निंग्रुमचा चेहरा, पापणीचा केसन् केस मोजून घ्यावा असा. ती बापाकडे बघत नव्हती. ती बाजूला बघत होती. तिच्या डोळ्याच्या बाहुलीत एक पांढरा ठिपका दिसत होता. रुस्दीला वाटलं, आकाशाचा उजेड आहे. त्यानं गितोला तो उजेडच म्हणून दाखवला.

गितोनं फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. तो बघून पर्यटक रुस्दीचं नाव विचारत वर यायला लागले. लेन्स खरंच गुणाची निघाली. अंधुक पहाटे ती म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या आणि नवऱ्यामुलींचे ओठ बिनचूक टिपायची. आता कुणी फोनवर परत काढत नव्हतं. रुस्दीनं आधी कॅमेऱ्याची चांगली पिशवी घेतली, मग स्वतःला जाकीट.

"बापाक, कोकरं?" निंग्रुम विचारायची.

"हा हंगाम जाऊ दे."

पुढं तिनं विचारणं कमी केलं. तिच्याकडे दुसरी गंमत होती. मुर्यातीनं तिला गुलाबी कंगवा आणून दिला होता, जन्मातला पहिला. नवे केस मऊ, काळेभोर येत होते. ती दारात बसून उगाचच विंचरत राहायची. शाळेतल्या एका मुलीनं तिला वेणी घालून दिली, तेव्हा ती रात्री वेणी न सोडताच झोपली.

पुढच्या वर्षीचा पावसाळा लागला आणि तिला ताप आला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. बरेच दिवस असं चाललं. एका सकाळी मुर्याती तिचे केस विंचरायला बसली आणि मानेपाशी कंगवा अडकला. तिनं हळू ओढला, जोरानं ओढला. कंगव्याचे दोन दात मोडले.

"बु, दुखतंय," निंग्रुम आईला म्हणाली.

मुर्यातीनं कंगवा तसाच केसात सोडला, बाहेर आली आणि नवऱ्याच्या तोंडात मारली. लग्नानंतर तिनं पहिल्यांदाच हात उचलला होता.

रुस्दी लेन्स घेऊन खाली गेला. गितोनं सवयीनं टॉर्च मारला आणि भुवया चढवल्या. पोरीच्या आजारपणात लेन्स ओल्या जाकिटात गुंडाळून पडली होती. आतल्या काचेवर पांढरे तंतू पसरले होते, बारीक, एकमेकांत गुंतलेले.

"हिला जटा आल्या रे," गितो म्हणाला. रुस्दीचं तोंड बघून पुढचं तो गिळून बसला. काचेतला फोटो मात्र त्यानं काढला नाही, गिऱ्हाईक येत होतं त्याच्यावर. लेन्सचं जे आलं त्यात रुस्दीनं जाकीट आणि पिशवी विकून भर घातली आणि कोकरू घेतलं. पांढरं. लोकर अगदी तिला हवी होती तशी.

म्बाह कार्सो पुन्हा येऊन चटईवर बसले आणि त्यांनी पिशवीतली कात्री काढून पुढ्यात ठेवली. कोकरू दारात बांधलं होतं आणि सारखं ओरडत होतं. रुस्दीनं मुद्दामच ते पोरीला दिसेल असं बांधलं होतं. आजारानं निंग्रुमचा चेहरा एवढासा झाला होता. जटा पुन्हा खांद्याला टेकल्या होत्या.

"बाळ," म्हातारे म्हणाले, "तुला काय हवं?"

निंग्रुमनं कोकराकडे बघितलं. आईकडे बघितलं. मग ती सावरून बसली. आपलं उत्तर चुकू नये म्हणून हुशार मुलं बसतात ना, तशी.

रुस्दीचे ओठ नकळत हलले. कोकरू, कोकरू. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं आणि हात वर करून त्याला थांबवलं. "तू नको. तिला बोलू दे."

पोरीनं बापाचे थांबलेले ओठ पाहिले. ती घाबरली. ती त्याच्या तोंडाकडेच बघत राहिली.

"बापाक," तिनं हळूच विचारलं, "ह्या वेळी काय सांगायचं?"

म्हाताऱ्यांनी कात्री परत पिशवीत ठेवली.