डोळे मिटून चाकारेरा

एवारिस्तोचा रॉक बँड मोडला तेव्हा सान्तियागोत कुणी रडलं नाही. युलोखिया आत्या तर म्हणायची, तिच्या कोंबड्या तेव्हापासून धड अंडी द्यायला लागल्या. गड्याने विजेची गिटार कपाटावर टाकली, साधी लाकडी घेतली आणि एक चाकारेरा, म्हणजे तिकडचं जोडीने नाचायचं लोकगीत, रचला. कारण होते त्याचे वडील, फ्रोइलान. ते बँडच्या एकाही कार्यक्रमाला फिरकले नव्हते. "ज्यावर पाऊल टाकता येत नाही ते गाणं नव्हे, गोंगाट," असं म्हणून म्हातारा मोकळा. त्यांना आपल्या गाण्यावर एकदा नाचताना बघायचं, एवढंच एवारिस्तोच्या मनात होतं.

रविवारी दुपारी आत्याच्या अंगणात मंडळी जमली. एम्पानाडांचा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांचा, फडशा पडत होता. एवारिस्तो स्टुलावर बसला आणि सवयीने गरजला, "सान्तियागो, तयार आहात का?"

"अरे मेल्या, ओरडतोस काय! हातभर अंतरावर तर बसलोय," आत्या म्हणाली.

त्याने गाणं धरलं. पहिल्याच सुरांना फ्रोइलान टोपी सारखी करत उठले आणि बहिणीसमोर उभे राहिले. पोराचा जीव सुपाएवढा झाला. पहिलं कडवं झालं, आणि भरून येऊन त्याने डोळे मिटले.

तिथेच घात झाला. चाकारेऱ्यात दोन कडव्यांमध्ये गिटार थोडाच वेळ वाजते. तेवढ्यात जोडीने एकमेकांभोवती एक फेरी घ्यायची, की पुढचं कडवं. पण डोळे मिटले की एवारिस्तोची बोटं बँडमध्ये जात. ती सुटली ती सुटलीच. गायक गाईना आणि मधेच थांबणं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून बहीणभाऊ घाण्याला जुंपल्यासारखे फिरत राहिले.

"अरे गा की!" फ्रोइलान धापा टाकत ओरडले. गिटारीपुढे कोण ऐकतो!

शेवटी आत्याने फिरता फिरता ताटातली एम्पानाडा उचलून भिरकावली. ती थेट गिटारीवर फुटली. एवारिस्तोने डोळे उघडले. वडील अंगणातला खांब धरून झुलत होते.

"चुकलं, बाबा," तो पुटपुटला. आता ते घरी जाणार, हे तो धरूनच चालला.

फ्रोइलाननी तोंड पुसलं. खांब सोडला आणि ते पुन्हा आपल्या जागेवर येऊन उभे राहिले.

"चाकारेरा अर्धवट टाकून जातं का कुणी? पहिल्यापासून घे. आणि गाढवा, डोळे उघडे ठेव."

एवारिस्तोने ठेवले. पण वडिलांची पावलं काही त्याला नीट दिसेनात.