मूठभर गुलाबी मीठ

गल्लीत त्याला सगळे पंजा म्हणत. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. त्याने हात पुढे केला की समोरचा आधी त्या हाताकडेच बघायचा. त्याच हाताने त्याने तीस वर्षं मांस खारवलं, त्याला धूर दिला, पातळ चकत्या कापून विकल्या. दुकान वडिलांचं आणि कृतीही वडिलांचीच: एका टबाला दोन मापं साधं मीठ, आणि वरून एक मूठ गुलाबी मीठ. या गुलाबी मिठात नायट्राइट असतं, त्यानेच मांस टिकतं आणि लालसर राहतं, एवढं त्याला ठाऊक होतं. मुठीला तराजू कशाला, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना छाती जरा पुढे काढायचा.

आता राहिली टोकं. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं वाळून कडक व्हायची, खारटही जास्त, गिऱ्हाईक काही ती घ्यायचं नाही. आणि फेकायची म्हटलं की याच्या जिवावर यायचं. म्हणून रोज सकाळी तो ती तव्यावर काळपट होईपर्यंत तळायचा आणि उभ्याउभ्याच खायचा. मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या डब्यातही चार टाकायचा. "कशी होती गं?" असं संध्याकाळी विचारलं की ती म्हणायची, "संपली." तेवढ्यावर पंजाचा दिवस सोन्याचा व्हायचा.

पोटात जळजळ सुरू झाली तेव्हा त्याने वर्षभर ती अंगावर काढली. पुरुषमाणसाला दुसरं येतंय काय! शेवटी मुलीनेच त्याला धरून नेलं. ती आता त्याच्याबरोबर दुकान चालवत होती, आणि तिचा आवाज बापापेक्षा एक पट्टी वरच होता. पोटात नळी घालून तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण जठराचं अस्तर बदलायला लागलंय. असंच चालू राहिलं तर पुढे तो होऊ शकतो. मग त्यांनी खाण्यापिण्याचं विचारलं, आणि पंजाने टोकांचं सांगितलं. सांगताना थोडा अभिमानच होता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "नायट्राइट पोटातल्या आम्लात गेलं की मांसातल्याच काही घटकांशी त्याचा संयोग होतो. त्यातून नायट्रोसामाइन नावाची द्रव्यं तयार होऊ शकतात, आणि ती कॅन्सरला कारण ठरतात. करपवून तळलंत तर काही तव्यातच तयार होतात. सगळा दोष टोकांचाच आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या पोटात जंतूही सापडलेत, त्यावर औषध देते. पण टोकं आजपासून बंद. संत्री, पेरू असलं काही खात जा. त्यातलं क जीवनसत्त्व हा संयोग बराच रोखतं. वर्षाने परत बघू."

दुकानात परतल्यावर पंजा धुसफुसत होता. "माझे वडील ऐंशी वर्षं जगले. त्यांचीच कृती, त्यांचंच एक मूठ मीठ."

"मूठ भरा बघू," मुलगी म्हणाली आणि तिने तराजू पुढे सरकवला.

त्याने भरली. एकशे तीस ग्रॅम. तिने मिठाच्या पाकिटावरचं वाचून दाखवलं: टबातल्या एवढ्या मांसाला पंचाहत्तर.

"आजोबांचा हात केवढा होता, बाबा?"

पंजाने मान वर केली. भिंतीवरच्या खिळ्याला वडिलांचा हातमोजा लटकत होता, सुरी लागू नये म्हणून घालतात तो, पोलादी कड्यांचा. वडील गेल्यावर त्याने तो घालून पाहिला होता, तर तीन बोटंसुद्धा आत जाईनात. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःसाठी नवा आणला होता. तरी इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मुलीने मोजा काढून हातात घातला. अगदी बेताचा बसला. मग मोजा काढून तिने मूठ भरली. चौऱ्याहत्तर.

पंजा स्टुलावर बसला. स्वतःच्या पोटाचं त्याला त्या क्षणी काही वाटलं नाही. त्याला आठवत होता तो शाळेचा डबा. दहा वर्षं, रोज चार टोकं, याच मुठीच्या मिठाची. पण हे मुलीपाशी बोलायची त्याची छाती झाली नाही.

टबातला माल त्याच दिवशी टाकला. गुलाबी मीठ अजिबात सोडून चालणार नव्हतं, नाहीतर मांसात भलतंच विष तयार होतं. पण आता ते तराजूवर येऊ लागलं. नेहमीच्या गिऱ्हाइकांना पंजाने स्वतः सांगितलं, माझं चुकत होतं, आणि हेही रोज खाऊ नका. काहीजण यायचे बंद झाले, बरेचसे येत राहिले. रोज दहा वाजता तो तोंड वाकडं करून एक संत्रं सोलायचा. इतक्या मोठ्या हातात ते लिंबाएवढं दिसायचं.

वर्षाने परत नळी घातली. बाप-लेक समोर बसले होते. अहवाल वाचून बाई हसल्या. जंतू गेले होते. अस्तर आणखी बिघडलं नव्हतं, एका जागी तर सुधारल्यासारखं वाटत होतं. तपासणी दरवर्षी करायचीच, पण घाबरायचं कारण नाही.

पंजा उठेना. "माझं राहू द्या," तो म्हणाला. "हिची तपासणी करा. लहानपणी दहा वर्षं मी हिला रोज तेच खाऊ घातलंय. वर्षभर मला नीट झोप नाही."

मुलीने मान खाली घातली.

"मी नाही खाल्ली, बाबा."

"काय?"

"एकही नाही. मला आवडायचीच नाहीत. शाळेच्या फाटकाशी एक मांजर असायची, तिला घालायचे. तुम्ही इतक्या कौतुकाने विचारायचात, कसं सांगणार?"

पंजाच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग अपमान आला, आणि मग त्याचा जीव असा भांड्यात पडला की त्या भल्यामोठ्या हातांत तोंड लपवून तो रडला. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

जिना उतरताना तो मध्येच थांबला.

"आणि त्या मांजरीचं काय झालं गं?"

"म्हातारी होऊन गेली, बाबा."

"बरं झालं," पंजा म्हणाला, आणि कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्याने दोघांसाठी संत्री घेतली.